फ्लॅक-एमपी३ रूपांतरण

मूळ ध्वनीतील काहीही न गमावता साठवलेल्या फ्लॅक फाइलपासून आकाराने बरीच लहान अशी एमपी३ फाइल तयार करण्याच्या प्रक्रियेला फ्लॅक-एमपी३ रूपांतरण म्हणतात. सीडीवरील ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने (ध्वनीची क्षणोक्षणीची मोजमापे), प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या असतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, मिनिटाला साधारण साडेदहा मेगाबाइट. २००१ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती निघालेले फ्लॅक हा पसारा निव्वळ गणिताने आवरते. आधीच्या नमुन्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज चुकला तेवढाच फरक नोंदवायचा, ही त्याची रीत असल्याने फाइल उलगडल्यावर मूळ ध्वनी जसाच्या तसा परत मिळतो; पण आकार बहुधा निम्म्याच्या फारसा खाली जात नाही.

एमपी३ची भिस्त गणितापेक्षा कानाच्या मर्यादांवर अधिक आहे. मोठ्या स्वराच्या लगतच्या कंप्रतेचा क्षीण स्वर माणसाला ऐकू येत नाही, म्हणून असे भाग एन्कोडर (एमपी३ फाइल बनवणारी आज्ञावली) अगदी ढोबळपणे नोंदवतो किंवा गाळून टाकतो. यात होणारी चूक विशिष्ट ध्वनींतच उघडी पडते. तानपुऱ्यासारखा अखंड नाद बहुधा सुखरूप पार पडतो, पण तबल्यावरचा ठसठशीत आघात कमी बिटरेटला (सेकंदाला वापरलेल्या बिटांच्या संख्येला) अडचणीत आणतो : नोंदीतील खडबडीतपणा त्या क्षणाच्या संपूर्ण खंडावर (एन्कोडर एका वेळी हाताळतो त्या नमुन्यांच्या गटावर) पसरतो आणि थाप पडण्याआधीच्या शांततेत पुसटशी खरखर उमटते. ती आटोक्यात ठेवण्यासाठी अशा जागी एन्कोडर ५७६ ऐवजी १९२ नमुन्यांचे आखूड खंड वापरतो.

लेम या सर्वपरिचित एन्कोडरमध्ये बिटरेट ध्वनीच्या गरजेनुसार बदलता ठेवता येतो. त्याची व्ही२ पातळी सरासरी १९० किलोबिटांच्या, तर व्ही० २४५ किलोबिटांच्या आसपास जाते. स्थिर ३२० किलोबिटांचा आग्रह पुष्कळ जण धरतात, मात्र डोळे मिटून तुलना केल्यास व्ही२ आणि मूळ यांतला फरक सांगणे बहुतेकांना जमत नाही. ९६ किलोहर्ट्‌झच्या फ्लॅकचा नमुनादर (सेकंदाला घेतलेले नमुने) रूपांतरात ४८ किंवा त्याहून खाली आणावाच लागतो, कारण एमपी३ची मर्यादा तेवढीच आहे.

ध्वनीबरोबर गाण्याचे नाव, कलाकार, मुखपृष्ठ ही माहितीही नव्या फाइलीत न्यावी लागते. जुन्या आयडी३ पद्धतीत नावासाठी अवघे ३० बाइट असून देवनागरीची सोय नाही. त्यामुळे मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. नंतरच्या, युनिकोड जाणणाऱ्या आवृत्त्यांत हा त्रास उरत नाही. शिवाय एमपी३च्या आरंभी व शेवटी थोडी शांतता भरली जाते. एकसलग मैफल अनेक फाइलींत विभागलेली असेल आणि वाजवणारे यंत्र लेमने नोंदवलेली भरीची लांबी वाचत नसेल, तर विलंबितातून द्रुतात जाताना मध्येच खंड पडतो.

एमपी३ पुन्हा फ्लॅकमध्ये नेल्यास फक्त आकार वाढतो, गाळलेला ध्वनी परत येत नाही. एमपी३वरून दुसरी एमपी३ काढल्यास नुकसानीत भर पडते. म्हणून प्रत्येक नवी प्रत मूळ फ्लॅकवरूनच काढावी आणि मूळ जपून ठेवावे. १९९७ चे एएसी व २०१२ चे ओपस ही स्वरूपे कमी बिटरेटला एमपी३पेक्षा सरस ठरतात. तरीही मोटारीतल्या जुन्या स्टिरिओला पेनड्राइव्हवरून बिनतक्रार वाजवता येते ती एमपी३च, त्यामुळे हे रूपांतरण अजून सर्रास केले जाते.