'रेफरीड' म्हणजे नेमकं काय? पीएच.डी.च्या सक्तीच्या एका पेपरची पार्श्वभूमी

जुलै २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) एम.फिल.-पीएच.डी.चे विनियम राजपत्रात आले, तेव्हा चर्चा झाली ती प्रवेश परीक्षेची आणि कोर्सवर्कची. नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्या शिक्षकाने एक सत्र कोर्सवर्कला कुठून काढायचं, यावर स्टाफरूममध्ये वाद झडत होते. त्याच विनियमांतल्या एका ओळीकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. प्रबंध सादर करण्याआधी विद्यार्थ्याचा एक शोधनिबंध 'रेफरीड जर्नल'मध्ये छापून आलेला असावा, आणि त्याचा पुरावा म्हणून स्वीकृतिपत्र किंवा छापील प्रत जोडावी, अशी ती ओळ होती. पुढची पंधरा वर्षं संशोधक विद्यार्थ्यांचा सर्वाधिक मनस्ताप, आणि खिशातला पैसाही, याच ओळीने खाल्ला.

त्याआधी असं नव्हतं. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं ते मुख्यतः परीक्षा घेण्यासाठी. समाजशास्त्राचा विभाग तिथे १९१९ मध्ये सुरू झाला आणि तिथून सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाला घर मिळालं. प्रबंध गाईडने वाचायचा, मग तो बाहेरच्या परीक्षकांकडे जायचा, मग व्हायवा. छापायचं ते पदवीनंतर, निवांत.

'रेफरीड' या शब्दामागे एक रीत आहे. संपादक आलेला निबंध त्या विषयातल्या दोघा-तिघा जाणकारांकडे पाठवतो. बहुतेक वेळा त्यांना लेखकाचं नाव कळू देत नाहीत. ते शेरे मारून परत पाठवतात, लेखक दुरुस्त्या करतो आणि यात महिनोन्‌महिने जातात. विज्ञानाच्या विभागांना ही रीत अंगवळणी पडलेली होती. शिक्षणशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी, वाणिज्य या विषयांत अशी नियतकालिकं मोजकीच, आणि मराठीतून लिहिणाऱ्यासाठी तर त्याहून कमी. तालुक्याच्या कॉलेजात बसून पीएच.डी. करणाऱ्याने निबंध पाठवायचा कुठे, हे विनियमांनी सांगितलं नाही. कोणत्या जर्नलला रेफरीड म्हणायचं, तेही सांगितलं नाही. माझ्या मते सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे.

दुसऱ्याच वर्षी या गोंधळात एका आकड्याची भर पडली. २०१० च्या विनियमांनी शिक्षकांच्या नेमणुका आणि बढत्या एपीआय गुणांना, म्हणजे शिक्षकाच्या कामगिरीला आकड्यांत मोजणाऱ्या गुणांना, बांधल्या. रेफरीड जर्नलमधल्या निबंधाला १५ गुण, आणि रेफरीड नसलेल्या, पण प्रतिष्ठित आणि आयएसबीएन किंवा आयएसएसएन क्रमांक असलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला १० गुण. 'प्रतिष्ठित' हे तपासणार कोण? क्रमांक मात्र मुखपृष्ठावर दिसतो. मग अर्ज तपासणाऱ्या टेबलावर एकच प्रश्न उरला, "आयएसएसएन आहे ना?"

हा क्रमांक म्हणजे काय हे इथे नीट सांगायला हवं, कारण आजही अनेक जण त्याला मान्यता समजतात. आयएसएसएन हा आठ अंकांचा ओळख क्रमांक आहे. चार अंक, मधे आडवी रेघ, पुन्हा चार अंक. शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्या जागी कधी 'एक्स' हे अक्षर येतं. एकाच नावाच्या दोन नियतकालिकांत ग्रंथपालाचा घोटाळा होऊ नये एवढंच त्याचं काम. भारतात तो दिल्लीच्या केंद्राकडून, काही पैसे न घेता मिळतो. आतला मजकूर कुणी वाचला की नाही याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. घराला पालिकेने नंबर दिला म्हणून घर पक्कं बांधलंय असं कुणी म्हणत नाही. संशोधनात मात्र आपण नेमकं तेच म्हणत राहिलो.

मागणी होती, अट फक्त क्रमांकाची होती, आणि बाजार उभा राहिला. त्या काळातला एक जाडजूड अंक माझ्या टेबलावर आहे. एका राष्ट्रीय चर्चासत्राचा विशेषांक. मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक शीर्षकापेक्षा ठळक, त्याखाली 'इम्पॅक्ट फॅक्टर' (नियतकालिकातल्या निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो याचं माप) म्हणून तीन दशांशांपर्यंतचा एक आकडा, तो कुणी काढला याचा पत्ता नाही. आत आदिवासी मुलींच्या शाळागळतीवरच्या निबंधाशेजारी क्लाउड कॉम्प्युटिंग, त्याच्याशेजारी संत साहित्य. गळतीवरचा निबंध चार पानांचा आहे. कोष्टक कापलं गेलंय, दोन रकाने नाहीतच, आणि संदर्भांच्या जागी 'इंटरनेट' एवढाच शब्द. पण त्याच निबंधात शिक्षिकेने स्वतः गावोगाव फिरून केलेल्या मुलाखती आहेत. कुणी जाणकाराने तो वाचून चार शेरे मारले असते तर तो चांगला निबंध झाला असता. तिने पैसे भरले, पावती घेतली, आठ दिवसांत प्रमाणपत्र मिळालं. फसवणूक तिचीही झाली, हे विसरून चालणार नाही.

२०१६ च्या विनियमांनी ओळ आणखी जड केली. एक निबंध होताच, वर परिषदांमध्ये दोन सादरीकरणं. महिलांना एकूण कालावधीत २४० दिवसांपर्यंत मातृत्व आणि बालसंगोपन रजा त्याच विनियमांनी दिली, आणि ती खरोखर मोलाची होती. पण 'रेफरीड'ची व्याख्या करण्याऐवजी आयोगाने यादी करायला घेतली. जानेवारी २०१७ च्या त्या यादीत ३८,६५३ नियतकालिकं होती. काही आंतरराष्ट्रीय सूचींतून आली, काही हजार नावं विद्यापीठांनी स्वतः सुचवलेली. 'यूजीसी ॲप्रूव्हड' हा शब्दप्रयोग तिथून रुजला, आणि जाहिरातींत तो क्रमांकाच्या शेजारी जाऊन बसला.

त्या यादीचं पितळ उघडं पाडलं ते पुण्यातल्या अभ्यासकांनी. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासून त्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात. कुणाचा पत्ता खोटा होता, कुणाची संपादक मंडळाची माहिती सापडत नव्हती. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नावं काढून टाकली. आपल्याच विद्यापीठांनी ती नावं सुचवली होती, हे मला त्या सगळ्यात सर्वांत जास्त लागलं. त्याच वर्षी वाङ्मयचौर्याचे नियम आले. १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ, ६० च्या पुढे गेलं तर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द. म्हणजे विद्यार्थ्यासाठी टक्के मोजून ठेवले, जर्नलसाठी मात्र कुठलीच मोजपट्टी नव्हती.

२०१९ मध्ये केअर यादी, म्हणजे तपासून घेतलेल्या नियतकालिकांची आयोगाची नवी यादी, आली. तपासणीचं काम पुण्यातून चालायचं, दर तीन महिन्यांनी भर पडायची, भारतीय भाषांतली नियतकालिकंही घेतली जायची. आधीच्या यादीपेक्षा ती नक्कीच काटेकोर होती. पण यादीतल्या चांगल्या नियतकालिकांच्या नावाने हुबेहूब वेबसाइट निघाल्या. नाव तेच, क्रमांक तोच, फक्त पैसे भरायचं खातं वेगळं. विद्यार्थ्याने क्रमांक यादीशी ताडून पाहिला, जुळला, निबंध दिला. खऱ्या नियतकालिकाला त्याचा पत्ताच नव्हता.

नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनी पेपरची सक्ती काढली आणि एम.फिल.ही बंद केलं. केंद्राने सक्ती काढली तरी विद्यापीठाला स्वतःची अट ठेवायची मोकळीक आहे, त्यामुळे प्रबंध विभागात जाऊन आधी चौकशी करावीच लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादी थांबवल्याचं जाहीर झालं. आता आयोगाने सुचवलेल्या निकषांच्या आधारे जर्नलची निवड संस्थांनी स्वतः करायची आहे.

मधल्या मुलांचं काय? २०२२ च्या विनियमांनुसार त्याआधी नोंदणी झालेल्यांना जुनेच नियम लागू आहेत. म्हणजे २०२१ मध्ये पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) देऊन आलेल्या, आज चौथं प्रकरण लिहीत असलेल्या मुलीला 'रेफरीड जर्नल'मधला एक निबंध द्यावाच लागणार आहे. यादी तिच्यासमोर नाही, व्याख्या २००९ मध्ये नव्हती आणि तिच्या फॉर्मवरही नाही. निबंधाच्या नावापुढे एक रकाना आहे, त्यात आयएसएसएन क्रमांक लिहायचा आहे.