कैरोचा उतारा

१९४२ चा उन्हाळा. जर्मन सेनापती रोमेलची फौज इजिप्तमधल्या अल अलामीनपर्यंत येऊन ठेपलेली, आणि तिथून कैरो जेमतेम अडीचशे किलोमीटर. १ जुलैच्या सुमारास ब्रिटिशांनी गुप्त कागद जाळायला काढले. शहरभर राख उडाली. अर्धवट जळालेल्या त्या कागदांच्या पुड्या करून फेरीवाले पुढे काही दिवस शेंगदाणे विकत होते, असं सांगतात. कैरोतल्या शेफर्ड्स हॉटेलच्या लाँग बारमध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार मात्र वेगळीच होती: सकाळी डोकं उठतं.

दोष त्यांच्या पिण्याचा होताच, पण मालाचाही होता. विलायतेहून येणारी चांगली दारू युद्धामुळे दुर्मीळ झाली होती आणि हाताला लागेल ती जिन-ब्रँडी ग्लासात पडत होती. बारचा कारभार पाहणारा जो शालोम हा कैरोतच वाढलेला, इटालियन वळणाच्या ज्यू घरातला माणूस. मूळचं शिक्षण रसायनशास्त्राचं. त्याने यावर उतारा काढला. जिन आणि ब्रँडी सारख्याच मापाने, लिंबाचं गोड सरबत, अंगोस्तुरा बिटर्स या कडू अर्काचे दोन थेंब आणि वरून ग्लास भरेपर्यंत थंडगार जिंजर बीअर, म्हणजे आल्याचं फसफसतं पेय. आलं-लिंबू पोटासाठी, बाकीचं डोक्यासाठी. काट्याने काटा काढायचा प्रकार. स्वतःची कीव करत त्याने नाव ठेवलं ‘सफरिंग बार स्ट्यूअर्ड’, म्हणजे गांजलेला बारवाला. पिऊन जड झालेल्या जिभांवर ते ‘सफरिंग बास्टर्ड’ झालं आणि तेच टिकलं. आघाडीवरून त्याला तार आली, आठ गॅलन पाठव. मग जमतील तेवढे थर्मास भरून टॅक्सीने रवाना झाले, अशीही कथा आहे. खरीखोटी त्यालाच ठाऊक. बारमधल्या गोष्टी दर फेरीला थोड्या वाढतातच.

लाँग बारमधली सेवा इतकी संथ, की ‘रोमेल शेफर्ड्सला पोहोचला की आपोआप अडकेल’ असा विनोद तेव्हा चालायचा. पण हा विनोद अधिकाऱ्यांचा. साध्या शिपायाला तिथे प्रवेशच नव्हता. २१ जूनला लिबियातलं टोब्रुक पडलं तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन तिथे कैद झाली. त्या जवानांच्या वाट्याला लिंबू-आलं नाही, कैद्यांच्या छावण्या आल्या.

युद्धकाळातल्या कॉकटेलांबद्दल वाचताना नावांवर फार भाळू नये, असं माझं मत आहे. ‘फ्रेंच ७५’ घ्या. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंचांच्या ७५ मिलिमीटरच्या तोफेचं हे नाव, आणि शॅम्पेनचा घोट तोफेसारखा लागतो म्हणून ते पडलं असं सगळे सांगतात. पण १९२२ मध्ये छापलेल्या ‘७५’च्या कृतीत शॅम्पेनचा पत्ताच नाही. तिच्यात सफरचंदाची ब्रँडी, जिन आणि डाळिंबाचा पाक आहे. आजची जिन, लिंबू, साखर आणि शॅम्पेनची कृती छापील पुस्तकांत स्थिरावली ती १९२०चं दशक सरता सरता, म्हणजे तोफा थंडावून बराच काळ लोटल्यावर. नावापेक्षा त्या वर्षी गोदामात काय पडून होतं आणि काय मिळत नव्हतं, ते विचारावं.

अमेरिकेत याचं उत्तर सरळ मिळतं. जपानने मलाया घेतलं आणि रबर तुटलं. कृत्रिम रबराला अल्कोहोल हवं, तोफगोळ्यांच्या बिनधुराच्या दारूलाही हवं. ऑक्टोबर १९४२ पासून तिथल्या व्हिस्कीच्या भट्ट्या या कामाला जुंपल्या गेल्या. (‘दारू’ हा आपला शब्द दोन्हीकडे चालतो, हे इथे भलतंच सोयीचं.) व्हिस्की आटली, पण कॅरिबियन बेटांतली रम जवळच होती आणि मुबलक होती. न्यू ऑर्लिन्सच्या पॅट ओब्रायन्स बारची गोष्ट प्रसिद्धच आहे: व्हिस्कीची एक पेटी हवी तर रमच्या पन्नासेक पेट्या उचला, असं ठोक विक्रेते सांगायचे. रेशनवर साखरेबरोबर नको असलेलं काहीतरी गळ्यात मारणारा दुकानदार ज्याने पाहिलाय, त्याला हे वेगळं समजावायला नको. एवढ्या रमचं करायचं काय, म्हणून तिच्यात पॅशनफ्रूटचा रस आणि लिंबू घालून कंदिलाच्या काचेसारख्या उंच ग्लासात ती खपवली गेली. ‘हरिकेन लॅम्प’वरून तिचं नाव हरिकेन.

अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर तर दारूबंदी. मग टॉर्पेडोचं इंधनच, म्हणजे जवळजवळ शुद्ध अल्कोहोल, अननसाच्या रसात मिसळून पोटात जाऊ लागलं. हे थांबवायला नौदलाने त्यात काय घालावं? जमालगोट्याचं तेल! पोरांनी चोरून भट्टी लावली, अल्कोहोल उकळून वेगळं काढलं, तेल मागे ठेवलं. आपल्या हातभट्टीवाल्यांनी पाठ थोपटावी असं काम.

शेफर्ड्स हॉटेल २६ जानेवारी १९५२ च्या दंगलीत जळून गेलं. सुएझच्या संघर्षानंतर जोलाही इजिप्त सोडावं लागलं. पुढे त्याने हिल्टनच्या हॉटेलांत, पोर्तो रिको आणि हवानापासून न्यूयॉर्कपर्यंत, बार सांभाळले. त्याचा उतारा त्याच्याआधीच अमेरिकेत पोहोचला होता म्हणतात, पण तिथल्या ट्रेडर व्हिक्स या साखळीच्या बारमध्ये त्या नावाने जे मिळू लागलं, त्यात ब्रँडी नव्हती. रम होती.