फ्लू म्हणजे जोराची सर्दी नव्हे

डिसेंबर लागला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "फ्लू झालाय, सकाळपासून नाक गळतंय." आणि अंथरुणातून उठवत नसलेल्या माणसाला घरचे सांगतात, "सर्दीच आहे, काढा घे, उद्या बरं वाटेल." दोन्ही ठिकाणी गल्लत आहे. पहिलीने फारसं बिघडत नाही. दुसरीमुळे वयस्कर माणसं, गरोदर बायका आणि दम्याचे रुग्ण गरज असताना डॉक्टरकडे उशिरा पोचतात, म्हणून ती मला दरवर्षी अस्वस्थ करते.

सर्दीबद्दल फार सांगायला नको. मोठ्या माणसाला ती वर्षातून दोन-तीनदा होते, शाळेत जाणाऱ्या मुलांना त्याहून जास्त. बहुतेक वेळा ती ऱ्हायनोव्हायरसमुळे होते आणि त्याचे शंभरावर प्रकार आहेत, त्यामुळे एकदा होऊन गेली म्हणून पुन्हा होणार नाही असं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर करते, आठवड्या-दहा दिवसांत जाते. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवं, ही समजूत मात्र कृपा करून सोडा. साध्या सर्दीतही रंग बदलतो.

फ्लू म्हणजे इन्फ्लुएंझा. त्याचा विषाणू वेगळ्याच कुळातला. माणसांत दरवर्षी पसरणारे त्याचे मुख्य प्रकार दोन, ए आणि बी. एच१एन१ आणि एच३एन२ ही नावं बातम्यांत वाचलेली असतात, ती ए प्रकारातली. उलट्या-जुलाबांना 'पोटाचा फ्लू' म्हणतात, त्याचा इन्फ्लुएंझाशी काहीही संबंध नाही.

आता खरी अडचण. दोन्हींत खोकला असतो, घसा दुखतो, नाकही वाहू शकतं. लोक नाकाकडे आणि थर्मामीटरकडे बघून निर्णय घेतात आणि तिथेच फसतात. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे सुरू कसं झालं?

सर्दीचा माणूस सांगतो, "परवापासून घसा जरा खवखवत होता, काल नाक सुरू झालं, आज डोकं जड आहे." ती पायरी-पायरीने चढते. फ्लूचा माणूस बहुधा वेळ सांगतो. "चार वाजता ऑफिसात ठीक होतो, पाचला हुडहुडी भरली, घरी येईपर्यंत अंग मोडून आलं." पाठ, मांड्या, डोळ्यांमागचा भाग ठणकतो, ताप फणफणतो, कोरडा खोकला लागतो आणि ताकद निघून जाते. सर्दीत माणूस कुरकुरत का होईना डबा भरतो, लोकल पकडतो. फ्लूत उठून पाणी घेणंही जिवावर येतं.

असं का होतं, हे कळलं की गोंधळ पुन्हा होत नाही. ऱ्हायनोव्हायरस ३३ ते ३५ अंश सेल्सियसला सर्वांत चांगला वाढतो. नाकाच्या आतली त्वचा श्वासातल्या हवेने तेवढी गार राहते, म्हणून त्याचा मुक्काम मुख्यतः नाक-घशात असतो. इन्फ्लुएंझाला शरीराच्या आतलं तापमानही चालतं. तो श्वासनलिकेच्या अस्तरात शिरतो आणि तिथल्या पेशी नष्ट करतो. त्याला आवरण्यासाठी शरीर जी रसायनं मोठ्या प्रमाणात सोडतं, ती रक्तातून सगळीकडे पोचतात. ताप, अंगदुखी, गळून जाणं हे त्या लढाईचे परिणाम. सोललेल्या अस्तरातून कधी जिवाणूही आत घुसतात. म्हणून ताप उतरून बरं वाटायला लागलं आणि दोन दिवसांनी पुन्हा ताप, वाढलेला खोकला असं झालं तर घरी थांबू नका. न्यूमोनियाची सुरुवात असू शकते.

एक अपवाद लक्षात ठेवा. म्हाताऱ्या माणसांना फ्लूत ताप फारसा येईलच असं नाही. आजी एकाएकी जेवेनाशी झाली, असंबद्ध बोलू लागली, तर थर्मामीटर काहीही म्हणो, डॉक्टरला दाखवा.

घरगुती उपायांचा घोळ याच फरकातून होतो. आलं, गवती चहा, मिरे घातलेला काढा, मिठाच्या गुळण्या, मधाचं चाटण यांनी घशाला आराम पडतो. सर्दीत त्रासच तिथे असतो, म्हणून ते पुरेसं वाटतं. फ्लूत काढा चारदा प्यायलात म्हणून श्वासनलिकेतला विषाणू मरत नाही. गरम पेय म्हणून जरूर प्या. मी स्वतः काढ्यापेक्षा मीठ-तूप घातलेली तांदळाची पेज पसंत करते, कारण पाणीही जातं आणि पोटातही काही पडतं. मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नको. आणि लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाफेला बसवणं बंद करा. त्या वाफेने विषाणू जात नाही, पण पाणी सांडून मुलं गंभीर भाजतात. बंद न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ सोडून मुलाला जवळ घेऊन बसलं तरी चोंदलेलं नाक मोकळं व्हायला मदत होते.

फ्लूवर विषाणूविरोधी औषध आहे, ऑसेल्टामिविर. ते लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलं तर जास्त उपयोगी पडतं. सगळ्यांना लागत नाही. पण ६५ वर्षांपुढची माणसं, गरोदर बायका, दोन वर्षांखालची मुलं, मधुमेह, हृदयविकार किंवा दमा असलेले यांनी पहिल्याच दिवशी डॉक्टरला विचारावं. 'तीन दिवस काढा घेऊन बघू' म्हणताना नेमके हेच तास जातात. अँटिबायोटिक मात्र दोन्ही विषाणूंवर निरुपयोगी आहे. "पाच दिवसांचा कोर्स लिहून द्या" हा आग्रह सोडा. ताप अचानक चढला पण खोकला-घसा काहीच नाही, तर डेंग्यू किंवा मलेरियाही असू शकतो. रक्त तपासून घ्या. तोवर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका.

औषधाविना आजार टाळायचा तर त्यातलं जे खरंच चालतं ते साधं आहे. साबणाने वीस सेकंद हात धुणं, खिडक्या उघड्या ठेवणं आणि झोप. निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरसचे थेंब सोडून केलेल्या एका प्रयोगात सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक सर्दीचा धोका दिसला. व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांना एवढं यश नाही. आजारी पडल्यावर सुरू केल्या तर जवळपास काहीच फरक पडत नाही. फ्लू झालेला माणूस लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे पाचेक दिवस इतरांना लागण देऊ शकतो, म्हणून ताप असताना लग्नाला जाऊ नये आणि मुलाला शाळेत पाठवू नये.

फ्लू थंडीचाच आजार, ही समजूत आपल्याकडे लागू पडत नाही. महाराष्ट्रात त्याची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी, बहुधा लहान, जानेवारी ते मार्चदरम्यान. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला, तोही ऑगस्टमध्ये. या विषाणूची रूपं बदलतात, म्हणून लसही बदलते आणि ती दरवर्षी घ्यावी लागते. टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या माणसाने ती पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घेणं मला सर्वांत योग्य वाटतं. ते राहून गेलं असेल आणि घरात वयस्कर माणूस किंवा गरोदर सून असेल, तर हिवाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांना विचारून घ्या.