विरळ हवा, कार्बोरेटर आणि एका स्क्रूचा घोळ

मोटरसायकली नव्या होत्या तेव्हा हँडलवर थ्रॉटलशेजारी हवेची वेगळी लिव्हर असे. इंजिनाच्या आवाजाकडे कान ठेवून चालक ती सतत कमीजास्त करी. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलने उचलली जाणारी स्लाइड आणि तिला जोडलेली निडल (निमुळती सुई) आली आणि ही कटकट संपली. उंचीचा हिशेब मात्र त्यात सुटला: जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रे, ठरतात सखल प्रदेशासाठी.

३,००० मीटरवर हवेची घनता सुमारे २६ टक्क्यांनी घटते. जेटमधून येणारे पेट्रोलही घटते, पण घनतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात, म्हणजे १४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून मिश्रण रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होते, प्लग काळा पडतो, गाडी गुदमरते. उपाय सगळ्यांना ठाऊक आहे: लहान मेन जेट, निडलची क्लिप एक खाच वर, म्हणजे निडल खाली. सत्तरच्या दशकात व्हॅक्यूमवर पिस्टन उचलणारे सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) कार्बोरेटर पसरले आणि ‘हा उंचीला आपोआप जुळवून घेतो’ असा समज रुजला. तो अर्धाच खरा. पिस्टन विरळ हवेत कमी उचलला जातो, निडल खाली राहते, एवढीच मदत. आयडलच्या, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिन चालू ठेवणाऱ्या, पायलट जेटला तीही नाही.

खरा गोंधळ मिश्रण जुळवायच्या स्क्रूच्या ‘मिक्श्चर स्क्रू’ या नावाने केला. जुन्या स्लाइड कार्बोरेटरवर तो बहुधा एअर फिल्टरच्या बाजूला असतो आणि फक्त हवा सोडतो. बाहेर फिरवला की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी. सीव्हीवर तो सहसा इंजिनाच्या बाजूला असतो आणि पेट्रोल मिसळलेली हवा सोडतो. तोच बाहेर फिरवला की रिच. दोन्हींना नाव एकच, त्यामुळे ‘वर गेल्यावर अर्धा फेरा बाहेर’ हा सल्ला एका गाडीला तारतो आणि दुसरीला आणखी बुडवतो. शिवाय हा स्क्रू आयडल आणि किंचित थ्रॉटलपुरताच चालतो. चढावर फुल थ्रॉटलला गाडी ओढत नसेल तर तो पिळून काही होत नाही, तरी हात आधी तिकडेच जातो.

अमेरिकेत १९७८च्या मॉडेलपासून मोटरसायकलींना उत्सर्जनाचे नियम लागू झाले. त्यानंतर हा स्क्रू पितळी टोपीखाली झाकला जाऊ लागला. हेतू धूर कमी करण्याचा. पण झाकलेला स्क्रू सखल भागासाठी लावलेला असल्याने उंचीवर तीच गाडी जास्त धूर सोडू लागली, ही विसंगती फारशी चर्चिली गेली नाही. डोंगराळ भागासाठी काही उत्पादकांनी वेगळे जेट दिले, तेही बसवून परत खाली आल्यावर काढायचे, नाहीतर लीन मिश्रणाने इंजिन तापते आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम होऊ शकतो.

इंजेक्शनच्या गाड्यांत हे काम हवेचा दाब मोजणारा सेन्सर करतो. विरळ हवेने गेलेली ताकद मात्र त्यालाही परत आणता येत नाही.