विद्यापीठाच्या ग्रंथालयात निजामकालीन नोंदी, गॅझेटियर आणि शासकीय दस्तऐवज पाहायचे आहेत? पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

‘हैदराबाद गॅझेट द्या.’ विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचत बसलेलो असताना काउंटरवरून हे वाक्य कानावर पडलं नाही, असा आठवडा अलीकडे जात नाही. हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे मराठवाड्यातल्या मराठा समाजाला कुणबी दाखले देण्याबाबतचा २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय आल्यापासून तर जास्तच. मागणारा कधी एम.ए.चा विद्यार्थी असतो, कधी गावाकडून पिशवीत खासरा पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) झेरॉक्स घेऊन आलेले काका. पलीकडून प्रश्न येतो, ‘कोणतं? कुठल्या सालचं? कशासाठी?’ आणि गाडी तिथेच अडते.

इतिहासाची आणि राज्यकारभाराची साधनं आता पूर्वीपेक्षा कितीतरी हाताशी आली आहेत. काही कपाटात आहेत, बरीचशी संगणकावर. ती कुणाला मिळतात, कोणते कागद न्यावे लागतात आणि अर्जात काय लिहायचं, ते सांगतो. मी संशोधक विद्यार्थी आहे, ग्रंथालयाचा कर्मचारी नाही. तेव्हा हे सगळं काउंटरच्या अलीकडच्या बाजूने लिहिलेलं आहे.

कुणाला प्रवेश मिळतो

मराठवाड्यात सर्व विषयांची, महाविद्यालयं संलग्न असलेली सरकारी विद्यापीठं दोन. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे जिल्हे त्याच्याकडे. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली त्याच्याकडे. दोन्हीकडे ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ म्हणतात. रिक्षावाल्याला मात्र ‘लायब्ररी’च सांगा.

विद्यापीठाच्या विभागांत शिकणारा विद्यार्थी, नोंदणी झालेला पीएच.डी.चा संशोधक आणि प्राध्यापक हे हक्काचे सभासद. त्यांनी सभासदत्वाचा फॉर्म, प्रवेशाची पावती, ओळखपत्र, दोन फोटो आणि अनामत भरली की काम झालं. संशोधकाने पीएच.डी. नोंदणीचं पत्र आणि मार्गदर्शकांची सही असलेली शिफारस जोडावी. पुस्तकं घरी नेता येतात. संदर्भ विभागातली मात्र नाहीत, आणि आपल्याला हवं असतं ते नेमकं संदर्भ विभागातच असतं.

संलग्न महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने प्राचार्यांचं पत्र न्यायचं. बोनाफाईड वेगळं आणि हे पत्र वेगळं. बोनाफाईड तुम्ही तिथे शिकता एवढंच सांगतं. पत्रात तुमचा विषय, किती दिवस वाचायचं आहे आणि ग्रंथालयाने सहकार्य करावं अशी विनंती लागते.

यातलं काहीच नसलेला माणूस, म्हणजे पत्रकार, निवृत्त शिक्षक, गावाचा इतिहास लिहायला घेतलेला ग्रामपंचायत सदस्य, यालाही दार बंद नसतं. बाहेरचा वाचक म्हणून ग्रंथपालांच्या नावाने अर्ज, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र आणि शक्य असल्यास एखाद्या महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं शिफारसपत्र द्यायचं. परवानगी तिथे बसून वाचण्यापुरती आणि ठरावीक मुदतीची असते. शुल्क बदलत असतं. निघण्याआधी एक फोन करा. परीक्षांच्या दिवसांत तर कराच, कारण तेव्हा वाचनकक्षात बसायला जागा नसते.

एका ग्रंथालयातून मी बीडहून एस.टी.ने तीन तास येऊन रिकाम्या हाताने परत गेलो आहे. पत्र होतं, सही होती, जावक क्रमांक नव्हता. रागावून उपयोग झाला नाही. तेव्हापासून पत्रावर सही, शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख या चारही गोष्टी महाविद्यालयाच्या पायऱ्या उतरण्याआधीच तपासतो.

घरबसल्या काय मिळतं

सरकारी संस्थांना संशोधन नियतकालिकं वाचायला मिळावीत यासाठीच्या केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजुरी दिली आणि जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. इतिहास आणि राज्यशास्त्रवाल्यांना यात केंब्रिज, ऑक्सफर्ड, सेज, टेलर अँड फ्रान्सिस ही नावं कामाची. पूर्वी दक्षिण आशियावरचा एखादा लेख हवा असला की पुण्या-मुंबईतल्या मित्राला गळ घालावी लागायची. आता तोच लेख विद्यापीठाच्या वायफायवर उघडतो.

ही योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे. आपलं महाविद्यालय त्यात आहे का, हे आधी स्वतःच्या ग्रंथपालांना विचारा. नसेल तर विद्यापीठात जाऊन वाचायचं. घरून वाचायचं असेल तर इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या ‘इन्फेड’ सुविधेतून खातं लागतं. ते आपण होऊन उघडत नाही, ग्रंथालय उघडून देतं. त्यासाठी संस्थेचा ईमेल, ओळखपत्र क्रमांक आणि विभागाचं नाव द्यावं लागतं. जीमेलचा पत्ता देऊन ‘अजून लॉगिन आलं नाही’ म्हणत बसणारे बरेच भेटतात.

एक विनंती. एका बैठकीत दोनशे पीडीएफ उतरवून घेऊ नका. असं काही दिसलं की प्रकाशक एकट्याचं नाही, संपूर्ण संस्थेचं दार लावून घेतो.

ज्याला कोणतंच सभासदत्व लागत नाही अशीही साधनं आहेत. प्रबंधांसाठी शोधगंगा. राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’, जिथे नोंदणी मोफत आहे आणि हैदराबाद रेसिडेन्सीशी, म्हणजे निजामाकडे नेमलेल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या कार्यालयाशी झालेला ब्रिटिश सरकारचा पत्रव्यवहार शोधता येतो. जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या डिजिटल ग्रंथालयात संस्थानी काळातले अहवाल पीडीएफमध्ये आहेत. राज्याचे शासन निर्णय आणि राजपत्र ऑनलाईन आहेतच. मराठवाड्याच्या अनुशेषावर लिहिणाऱ्यांनी १९८४ चा दांडेकर समितीचा आणि २०१३ चा केळकर समितीचा अहवाल मुळातून वाचावा, वर्तमानपत्रातल्या उताऱ्यांवर भागवू नये.

अर्जातली ‘विषय’ ही ओळ

खरी मेख इथे आहे. माझ्या पाहण्यात बहुतेक अर्ज कागदपत्रं कमी म्हणून अडत नाहीत. ‘मराठवाड्याचा इतिहास’ एवढाच विषय लिहिलेला असतो म्हणून अडतात. ग्रंथपालाने त्यावर काय काढून द्यायचं? अर्जात चार गोष्टी नेमक्या असू द्या : साधनाचा प्रकार, त्या काळातला जिल्हा, साल आणि भाषा.

प्रकारापासून सुरू करू. गॅझेट आणि गॅझेटियर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅझेट म्हणजे राजपत्र. निजाम सरकारचं राजपत्र ‘जरीदा’ म्हणून ओळखलं जायचं. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याची माहिती सांगणारा ग्रंथ : जमीन, पिकं, लोक, जाती, बाजार, देवळं. औरंगाबाद जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर १८८४ मध्ये निघालं, संपूर्ण हैदराबाद संस्थानाचा इम्पिरियल गॅझेटियरचा खंड १९०९ मध्ये. महाराष्ट्र झाल्यावर राज्य सरकारने पुन्हा जिल्हावार खंड काढले. परभणीचा १९६७ चा, औरंगाबादचा १९७७ चा. लोक ‘गॅझेट’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा १८८४ किंवा १९०९ चा ग्रंथ हवा असतो. तो इंग्रजीत आहे आणि त्यात जातींची संख्या आहे, माणसांची नावं नाहीत. हे ऐकल्यावर काकांचा चेहरा उतरतो, पण आधीच कळलेलं बरं.

जिल्ह्याचं प्रकरण याहून फसवं. आजचे आठ जिल्हे डोक्यात ठेवून जुन्या कागदांत शिरलात तर हरवाल. जालना १९८१ मध्ये वेगळा झाला, लातूर १९८२ मध्ये, हिंगोली १९९९ मध्ये. त्याआधी हे अनुक्रमे औरंगाबाद, उस्मानाबाद आणि परभणीत होते. आमचं मूळ गाव उदगीर तालुक्यातलं. त्याच्या नोंदींसाठी मी उस्मानाबादची बाडं दोन आठवडे चाळली. शेवटी पलीकडच्या टेबलावरचे एक वयस्कर अभ्यासक म्हणाले, ‘अहो, उदगीर तेव्हा बिदरला होतं.’ होतंच. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात होते. दोन आठवडे पाण्यात. स्पेलिंगही तसंच. इंग्रजी अहवालांत बीड हे ‘भीर’ आहे, नांदेड ‘नांदेर’, अंबाजोगाई ‘मोमिनाबाद’. ऑनलाईन शोधताना आजचं नाव टाकलंत तर पडदा कोराच राहील.

आता साल. निजामाच्या दफ्तरात फसली सन, म्हणजे महसुलाच्या हिशेबाचं वर्ष, चालायचा आणि तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचा. नोंद ऑक्टोबर ते डिसेंबरमधली असेल तर फसली सनात ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढची असेल तर ५९१. म्हणजे फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तीचा दिवस या १३५७ मध्ये येतो. फसली महिन्यांची नावं आजूर, दय, बहमन अशी असतात. ती एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. अर्जात दोन्ही सनं लिहिलीत तर समोरचा माणूस ओळखतो, की याला काय हवंय ते ठाऊक आहे.

भाषा शेवटी, पण महत्त्वाची. १८८४ पर्यंत संस्थानची राजभाषा फारसी, पुढे उर्दू. गावपातळीवरचे बरेच कागद मोडीत. उर्दू येते म्हणणाऱ्यालाही घसरत्या शिकस्ता लिपीतली नोंद लागेलच असं नाही. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग असतात, ते जमले तर करा. नाही तर वाचक सोबत न्यायचा असल्यास त्याचं नाव आणि ओळखपत्र अर्जातच जोडा, म्हणजे दारावर वाद होत नाही.

माझा चालून गेलेला अर्ज साधारण असा होता :

प्रति, मा. ग्रंथपाल / संचालक, ज्ञानस्रोत केंद्र. विषय : संदर्भ विभागातील साहित्य वाचण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, मी इतिहास विषयात पीएच.डी. करीत असून माझा विषय ‘बिदर जिल्ह्यातील उदगीर तालुक्याची जमीन महसूल व्यवस्था, फसली १३४० ते १३५७ (सन १९३० ते १९४८)’ असा आहे. त्यासाठी १९३१ व १९४१ चे हैदराबाद संस्थानचे जनगणना अहवाल, १९०९ चे गॅझेटियर आणि महसूल खात्याचे छापील प्रशासन अहवाल (इंग्रजी, उर्दू) पाहावयाचे आहेत. दि. … ते दि. … या काळात वाचनाची, तसेच आवश्यक पानांची छायाचित्रे फ्लॅशशिवाय घेण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. सोबत : नोंदणी पत्र, मार्गदर्शकांची शिफारस, ओळखपत्राची प्रत.

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का घ्या. छायाचित्रांचं वाक्य मुद्दाम आहे. ती परवानगी वाचनाच्या परवानगीत आपोआप येत नाही. जुन्या बाडांजवळ पेन नेऊ देत नाहीत, पेन्सिल ठेवा. आणि पान उलटताना बोट ओलं करायची सवय असेल तर घरी ठेवून या.

दाखल्यासाठी येणाऱ्यांना

कुणबी दाखल्यासाठी पुरावा हवा असेल तर ग्रंथालयातली प्रत कामाची नाही. ती वाचायला, नोंद कुठे असावी याचा माग काढायला ठीक. दाखल्याला लागते ती ज्या कार्यालयाकडे मूळ अभिलेख आहे, त्याने दिलेली प्रमाणित नक्कल. खासरा आणि पाहणी पत्रकासाठी तहसीलचा अभिलेख कक्ष, मोजणी आणि सेतवारासाठी (सर्व्हे नंबरवार जमिनीची नोंद) भूमी अभिलेख उपअधीक्षक, शाळेच्या निर्गम उताऱ्यासाठी शाळा. नक्कल अर्जात गाव, तालुका, जुना सर्व्हे नंबर आणि साल लिहा. वर सांगितलेला फसलीचा हिशेब इथेही लागतो. २ सप्टेंबरच्या निर्णयानुसार दाखल्याच्या अर्जाची चौकशी करणाऱ्या गावपातळीवरच्या समितीत ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी आहेत. जमिनीचा पुरावा नसणाऱ्याने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासूनच्या रहिवासाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं. म्हणजे सुरुवात विद्यापीठातून नको, गावातून करा.

नक्कल मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. ‘माझ्या गावच्या सर्व नोंदी द्या’ असं लिहू नका. ‘मौजे अमुक, तालुका तमुक, सन १९५४-५५ चे खासरा पत्रक, सर्व्हे नंबर इतका’ असं लिहा.

संस्थानाच्या वरच्या दफ्तरातले बहुतेक कागद मराठवाड्यात नाहीत, ते हैदराबादच्या तारनाका भागातल्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात आहेत. शाहजहान आणि औरंगजेबाच्या दख्खनच्या कारभाराची फारसी कागदपत्रंही तिथेच. तिथे विद्यापीठाचं शिफारसपत्र आणि ओळखपत्र लागतं, आणि पत्र इंग्रजीत हवं. आमच्या एका मित्राने मराठीतलं नेलं होतं. मग त्याने समोरच्या टायपिंगच्या दुकानात बसून ते इंग्रजीत करून घेतलं, पण शिक्का पुन्हा मारून आणायला गाव सहा तासांवर होतं.