विळ्यासारख्या पेशी आणि घोटभर पाणी

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की माझी मावशी पाण्याचा गडवा हातात घेऊन मुलाच्या मागे फिरायची. "पे ना बाप्पा थोडंसं. सकाळपासून तू पाणीच नाही पिऊन राहिला." माझा हा मावसभाऊ एसएस आहे, म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रुग्ण. एएस म्हणजे नुसता वाहक. नागपुरात, विशेषतः उत्तर नागपुरातल्या वस्त्यांत, एएस आणि एसएस ही अक्षरे समजावून सांगावी लागत नाहीत. पण तो शाळेत होता तेव्हा आमच्या घरात ती कुणालाच ठाऊक नव्हती. त्याच्या मांड्या आणि पाठ अशी दुखायची की तो रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन बसायचा आणि सकाळी शाळेला जायचा नाही. नातेवाईक त्याला कामचोर म्हणत. निदान झाले ते नववीत.

मावशीला पाण्याचे महत्त्व डॉक्टरांनी सांगितले होते आणि तिने ते मनापासून पाळले. त्या गडव्यामागचे गणित मी बऱ्याच वर्षांनी वाचले. ते वाचल्यापासून मला या आजारावरचे संशोधन समजून घेण्याचा ध्यास लागला. एकाच आजारासाठी रक्तविज्ञान, बालरोग, मेंदूविकार, जनुकशास्त्र अशा कितीतरी विभागांत अभ्यास झाले आहेत, आणि त्यांतून काय सापडले हे विदर्भातल्या माणसाने जाणून घ्यावे असे मला फार वाटते.

सुरुवात रेणूपासून करू. तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन खच्चून भरलेले असते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन मुळातच वेगळे असते. पुढे १९५६ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इंग्रॅम यांना हा फरक नेमका कुठे आहे ते सापडले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले एकापुढे एक ओवलेली असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढाच बदल. पण व्हॅलिन तेलकट स्वभावाचे आहे, त्याला पाण्याचा शेजार नको असतो. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसते, तो रेणू तिसऱ्याला धरतो, आणि बघता बघता पेशीच्या आत ताठ दोरे तयार होतात. पेशी लवचीकपणा गमावते आणि विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांत संपते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे. आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या की त्या भागात ती असह्य कळ उठते, जिला दवाखान्यात क्रायसिस म्हणतात.

आता गडव्याकडे येऊ. प्राणवायू सोडल्याबरोबर दोरे लगेच तयार होत नाहीत, मध्ये थोडा वेळ जातो. पेशी तेवढ्यात बारीक रक्तवाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे परतली आणि तिला पुन्हा प्राणवायू मिळाला, तर ती वाचते. सगळा खेळ या मधल्या वेळाचा आहे. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या संशोधकांनी १९७४ मध्ये हा वेळ मोजला आणि एक अचाट गोष्ट पुढे आली: पेशीतले हिमोग्लोबिन किती दाट आहे त्याच्या जवळपास तिसाव्या घातानुसार हा वेळ बदलतो. तिसावा घात म्हणजे काय ते आकडेमोड करून पाहा. १.०५ ला स्वतःनेच गुणत गेलात आणि असे ३० वेळा १.०५ घेतले, तर उत्तर ४ च्या वर जाते. म्हणजे पेशीतले पाणी जरासे आटून हिमोग्लोबिन फक्त ५ टक्क्यांनी दाट झाले, तर पेशीला निसटायला मिळणारा वेळ चौथ्या हिश्शावर येतो. नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो, घामाने अंगातले पाणी जाते, आणि पेशीतला हा पाच टक्क्यांचा फरक एखाद्या दुपारीच पडू शकतो. मावशीच्या हातातला गडवा त्या तिसाव्या घाताशी लढत होता. हे कळल्या दिवशी मी तिला फोन करून सांगितले. ती म्हणाली, "मले तं कळतच होतं."

यानंतरचा धागा बालरोग विभागातून निघतो. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आले की सिकलसेल घेऊन जन्मलेल्या बाळांच्या रक्तात सुरुवातीचे काही महिने विळ्यासारख्या पेशी फारशा दिसत नाहीत. त्यांनी कारण ओळखले: पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, त्याला गर्भ-हिमोग्लोबिन म्हणू. त्यात बीटा साखळीच नसते, त्यामुळे ते दोऱ्यांत अडकत नाही, उलट दोरे तयार होण्यात अडथळा आणते. जन्मानंतर ते हळूहळू कमी होते आणि मग आजार डोके वर काढतो. मोठ्या माणसात हे गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हा वाढवता आले तर? हा प्रश्न त्या एका निरीक्षणातून जन्मला आणि त्याचे उत्तर यायला जवळजवळ अर्धे शतक गेले.

उत्तर मिळाले हायड्रॉक्सियुरिया या जुन्या, कर्करोगात वापरल्या जाणाऱ्या औषधात. अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. कुणाला औषध आणि कुणाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले, आणि कोणाच्या हातात काय आहे ते रुग्णालाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. औषध नसलेल्या गटात वर्षाला मध्यक (निम्मे रुग्ण त्याच्या खाली, निम्मे वर) ४.५ क्रायसिस येत होते, औषधाच्या गटात २.५. फरक इतका स्पष्ट होता की १९९५ मध्ये चाचणी ठरल्याआधीच थांबवली गेली. त्यापुढच्या वर्षांत हेच रुग्ण पाहिले तेव्हा औषध घेणाऱ्यांत मृत्यूही कमी आढळले.

इथे नागपूरचा भाग येतो, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे हा आजार आहे हे १९५८ मध्येच नागपूरच्या डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले होते. पण पुढे बराच काळ एक समजूत रूढ राहिली की भारतातला सिकलसेल सौम्य असतो. तिला आधारही होता. १९८६ मध्ये ओडिशातल्या रुग्णांची जमैकातल्या रुग्णांशी तुलना झाली, आणि ओडिशातल्यांत गर्भ-हिमोग्लोबिन मुळातच जास्त होते. विदर्भातल्या मुलांतही ते जास्त असते. तरीही मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, वॉर्डात येणारी मुले वारंवार क्रायसिस, वारंवार रक्त, वारंवार भरती या चक्रात सापडलेली दिसत. एका प्रांतातला निष्कर्ष साऱ्या देशाला लावला की काय होते, त्याचे हे उदाहरण आहे. माझ्या भावाला "इकडचा आजार हलका असतो" असे सांगितले गेले होते. ज्याने सांगितले त्याने पुस्तकातलेच सांगितले होते.

मग मेडिकलच्या बालरोग विभागाने स्वतःच चाचणी केली. तीव्र त्रास असलेली ६० मुले, दिवसाला दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम हायड्रॉक्सियुरिया, समोर औषध नसलेला गट, आणि १८ महिन्यांचा काळ. पाश्चात्त्य देशांत डोस हळूहळू वाढवत सहन होईल तिथवर नेतात आणि त्यासाठी सतत रक्त तपासावे लागते. गोंदिया किंवा गडचिरोलीच्या खेड्यातून एसटीने येणाऱ्या आईला ते कसे जमावे? म्हणून डोस कमी आणि ठरलेला ठेवला. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले: औषधाच्या गटात क्रायसिस, रक्त चढवण्याची वेळ आणि भरती, तिन्ही घटले. ६० मुलांची चाचणी लहानच. पण प्रश्न इथल्या रुग्णाचा होता आणि उत्तर इथल्या रक्तातून काढले होते.

याच आजारात सगळ्यात जास्त जीव वाचवले ते मात्र स्वस्तातल्या गोष्टींनी. सिकलसेलमध्ये प्लीहा, आपली आजी जिला पाणथरी म्हणते, लहानपणीच निकामी होते आणि मग न्यूमोकॉकससारखे जंतू मुलाला काही तासांत गाठतात. १९८६ मध्ये छापलेल्या अमेरिकन चाचणीत २१५ लहान मुलांपैकी १०५ जणांना रोज तोंडाने पेनिसिलिन दिले. औषध नसलेल्या ११० पैकी १३ मुलांना गंभीर संसर्ग झाला आणि तिघे दगावले; पेनिसिलिनच्या गटात दोघांना संसर्ग झाला, एकही मृत्यू नाही. जन्मतःच टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन निदान करण्याचा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर या आकड्यांत आहे: औषध वेळेत सुरू व्हायचे तर निदान आधी हवे. जमैकात तर औषधही लागले नाही. पाणथरीत अचानक रक्त साठून मूल पांढरे पडते, त्यासाठी डॉक्टरांनी आयांना मुलाचे पोट चाचपून पाणथरी ओळखायला शिकवले. या कारणाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ एक दशांशावर आले. हा अभ्यास मी ज्या ज्या आईला सांगितला, तिने पहिला प्रश्न हाच विचारला की हात नेमका कुठे ठेवायचा. डाव्या बरगडीखाली, मूल उताणे झोपवून. आणि एकदा आपल्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यायचे.

मेंदूविकाराच्या विभागातही असेच झाले. सिकलसेलच्या मुलांना पक्षाघात होऊ शकतो हे बऱ्याच पालकांना माहीतच नसते. कानशिलावर अल्ट्रासाउंडचे यंत्र टेकवून मेंदूच्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजता येतो. वेग जास्त असेल तर धोका जास्त. १९९८ मध्ये छापलेल्या चाचणीत अशा १३० मुलांपैकी निम्म्यांना नियमित रक्त चढवले. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांत ११ जणांना पक्षाघात झाला, रक्त चढवलेल्यांत एकालाच.

आता दोन अभ्यास शेजारी ठेवतो. संशोधनाची बातमी कशी वाचावी हे मी त्यांच्याकडून शिकलो.

पहिला २०११ चा. ९ ते १८ महिन्यांच्या १९३ बाळांना हायड्रॉक्सियुरिया किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय मात्रा दिली. संशोधकांनी आधीच लिहून ठेवले होते की यश मोजायचे ते प्लीहा आणि मूत्रपिंड किती वाचले त्यावरून. त्या कसोटीवर दोन्ही गटांत ठोस फरक आढळला नाही. कागदावर चाचणी फसली म्हणा. पण बाळांच्या दुखण्याच्या घटना औषधाच्या गटात १७७ होत्या आणि दुसऱ्या गटात ३७५. हातापायांची बोटे सुजून येण्याच्या घटना २४ विरुद्ध १२३.

दुसरा व्हॉक्सेलोटर या नव्या औषधाचा. हिमोग्लोबिन वाढले की रुग्ण बरा राहील, या अपेक्षेवर २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला घाईने मान्यता मिळाली. आणि हिमोग्लोबिन खरोखरच वाढत होते. क्रायसिस मात्र त्या चाचणीत ठळकपणे कमी झाल्याचे दिसले नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले, कारण पुढच्या अभ्यासांत औषध घेणाऱ्यांत क्रायसिस आणि मृत्यू यांचे पारडे जड दिसू लागले.

एका ठिकाणी यंत्राने मोजलेला आकडा हलला नाही आणि बाळे कमी रडली. दुसऱ्या ठिकाणी आकडा सुंदर वाढला आणि माणसे सुधारली नाहीत. नवे औषध आल्याची बातमी कुणी मला पाठवली की मी आधी शोधतो की त्यांनी मोजले काय: रक्तातला आकडा, की दुखण्याच्या रात्री? भावाच्या रात्री मी पाहिल्या आहेत.

जनुक-उपचाराबद्दल सगळेच विचारतात, म्हणून थोडे सांगतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्पर या जनुकात नेमका बदल करणाऱ्या तंत्रावर आधारलेला उपचार मंजूर झाला. रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून गर्भ-हिमोग्लोबिनला दाबून ठेवणारे बटण सैल करतात आणि त्या परत सोडतात. वॉटसनबाईंचे निरीक्षण असे पंचाहत्तर वर्षांनी जनुकापर्यंत पोचले. ३० पैकी २९ रुग्ण सलग वर्षभर क्रायसिसशिवाय राहिले. पेशी परत सोडण्याआधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते, आणि अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर आहे. नागपुरातल्या कुटुंबाने आज जमीन विकायचा विचार करावा असे त्यात काही नाही. हायड्रॉक्सियुरिया सुरू आहे का आणि ते रोज घेतले जाते का, हे आज जास्त मोलाचे आहे.

आणि त्या औषधाचा डोस किती, हा प्रश्न पुन्हा उघडला आहे. २०२० मध्ये छापलेल्या युगांडातल्या चाचणीत १८७ मुलांना दोन गटांत विभागले. एकाला दर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास ठरलेला डोस, दुसऱ्याला हळूहळू वाढवत सरासरी तिशीच्या जवळ. वाढवलेल्या डोसचा गट इतका पुढे निघाला की तीही चाचणी आधीच थांबवली. नागपूरचा डोस होता १०. पण इथल्या मुलांचे गर्भ-हिमोग्लोबिन मुळातच जास्त आहे, मग त्यांनाही तिशीपर्यंत न्यावे लागेल की दहा-पंधरातच काम भागेल? माझा भाऊ गेल्या खेपेला ओपीडीत हेच विचारून आला. डॉक्टरांनी त्याच्या रक्ताचे गेल्या दोन वर्षांचे सगळे कागद मागवले आहेत. औषधाने पांढऱ्या पेशी फार उतरत नसतील तर डोस थोडा वाढवून पाहू म्हणाले, आणि महिन्याभराने पुन्हा बोलावले आहे.