आधी आपला स्ट्रोक, मग पटर

गोल्फमध्ये तीन मीटरवरून पट, म्हणजे चेंडू जमिनीवरून होलाकडे गडगडवणारा फटका, मारताना पटरचा (त्या फटक्याच्या काठीचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, फक्त एका अंशाने तिरका राहिला, तर होलापाशी पोचेपर्यंत चेंडू ठरलेल्या रेषेपासून 52 मिलिमीटर सरकलेला असतो. होलाचा व्यास 108 मिलिमीटर. म्हणजे मध्यापासून काठ 54 मिलिमीटरवर. तीन मीटरच्या पटला चुकीची जेवढी मुभा आहे, ती सगळी त्या एका अंशात संपते. सहा मीटरवर ती अर्ध्या अंशावर येते.

खरी मुभा तर याहूनही कमी असते, कारण चेंडू होलावर पोचतो तेव्हा त्याला वेग असतो. आत पडायचं तर होल ओलांडेपर्यंत चेंडू निदान आपल्या त्रिज्येइतका, म्हणजे सुमारे 21 मिलिमीटर, खाली यायला हवा. गुरुत्वाकर्षणाखाली तेवढं पडायला एका सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. त्यावरून हिशेब केला, तर बरोबर मधून जाणाऱ्या चेंडूचा वेग सेकंदाला 1.3 मीटरच्या आसपास किंवा त्याखाली असावा लागतो. पलीकडच्या काठावर आपटून आत पडणारा चेंडू थोडा जास्त वेगाचाही चालतो. पण काठाकाठाने जाणाऱ्या चेंडूला होलावरचा प्रवास फारच थोडा मिळतो, त्यामुळे तो अगदी हळू आला तरच आत जातो. चेंडू जितका जोरात, तितकं होल लहान.

पटर निवडण्याचा प्रश्न या आकड्यांपासून सुरू होतो. चेंडू कुठल्या दिशेला निघणार हे दोन गोष्टींवर ठरतं: फेस कुठे बघतोय आणि हेड, म्हणजे काठीचा खालचा जड भाग, कुठल्या वाटेने येतंय. दोघांचा वाटा सारखा नसतो. पटिंगमध्ये चेंडूची दिशा पाचात चार भागांहून जास्त फेसच ठरवतो. म्हणून हेड किंचित आडवाटेने आलं तरी निभावतं, फेस फिरलेला असेल तर नाही. आपल्या हातात आघाताच्या क्षणी फेस सरळ ठेवायला जो पटर मदत करतो, तो आपला पटर. दुकानात त्याची किंमत किती आहे किंवा टीव्हीवर तो कोणाच्या हातात दिसतो, याचा इथे संबंध नाही. मी हे ठासून सांगतो, कारण महागडा पटर घेऊन त्याच्याशी वर्षानुवर्षं झगडणारे हौशी खेळाडू मी पाहतो, आणि त्यांची अडचण बहुतेक वेळा मोजता येण्यासारखी असते.

मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. कोकणात पावसाळा त्यासाठी उत्तम. किनारपट्टीवर तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. खारघरच्या दरीतला सिडकोचा कोर्स असो की कुलाब्याच्या टोकाला समुद्राला लागून असलेलं यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लबचं मैदान, जुलैमध्ये तिथे खेळण्याचे दिवस मोजकेच. तेव्हा अलिबाग, दापोली किंवा रत्नागिरीच्या घराची पडवी नाहीतर लांब ओटी कामाला येते. तीन-साडेतीन मीटर सपाट लादी, एक लेझर पॉइंटर आणि व्हिजिटिंग कार्डाच्या निम्म्या आकाराचा सपाट आरसा एवढं पुरे.

आरसा दुहेरी चिकटपट्टीने पटरच्या फेसवर नीट चपटा बसवायचा. समोरच्या भिंतीपाशी, जमिनीलगत, लेझर ठेवायचा आणि त्याच्या बरोबर वर भिंतीवर खडूने एक उभी रेघ काढायची. आता तीन मीटरवर चेंडू ठेवून त्या रेघेवर नेम धरायचा, नेहमी उभं राहतो तसंच. नेम पक्का झाला की सोबत्याने चेंडू अलगद काढून घ्यायचा आणि लेझर लावायचा. किरण आरशावर आपटून परत भिंतीवर येतो. ठिपका रेघेवर पडला तर नेम खरा. डावी-उजवीकडे पडला तर तेवढा तिरका. परावर्तनाच्या नियमाने फेसचा कोन एका अंशाने चुकला की परतणारा किरण दोन अंशांनी वळतो, त्यामुळे तीन मीटरवर एका अंशाच्या चुकीला ठिपका साडेदहा सेंटिमीटर सरकलेला दिसतो. डोळ्याला कधी न कळणारी चूक इथे अर्ध्या वितीएवढी मोठी होऊन समोर येते. ठिपका रेघेवरच पण जमिनीपासून तीस-चाळीस सेंटिमीटर वर पडला तर घाबरायचं कारण नाही. पटरला तीन-चार अंशांचा लॉफ्ट असतो, म्हणजे फेस तेवढा मागे कललेला असतो, त्यामुळे किरण वर जातो. आपण फक्त आडवं अंतर बघायचं. किरणाच्या वाटेत कोणी वाकायचं नाही आणि लहान मुलांना दूर ठेवायचं, डोळ्यांचा प्रश्न आहे.

हीच चाचणी दोन-तीन वेगवेगळ्या पटरांवर केली की खरी गंमत कळते. एकाच माणसाचा नेम एका हेडने सतत डावीकडे आणि दुसऱ्याने जवळपास सरळ, असं होतं. हेडचा आकार, वरच्या रेघा, शाफ्ट, म्हणजे दांडा, हेडला कुठे जोडलाय आणि फेस शाफ्टच्या किती मागे आहे, या सगळ्यांचा डोळ्यावर परिणाम होतो, आणि तो प्रत्येकाच्या डोळ्यावर वेगळा होतो. कुणाला एक लांब रेघ मानवते, कुणाला रेघच नको असते. माझ्या मते पटर निवडताना ही चाचणी सगळ्यात आधी करावी. नेमच चुकीचा असेल तर मेंदू नकळत स्ट्रोकमध्ये, म्हणजे पटरच्या झोक्यात, उलटी दुरुस्ती करत राहतो, आणि दबावाखाली ती दुरुस्ती दगा देते.

यानंतर स्ट्रोकची वाट. पटरचा शाफ्ट उभा नसतो. नियमच सांगतो की तो लंबापासून निदान 10 अंश कललेला हवा. बाजारातल्या बहुतेक पटरांत हा कल 20 अंशांच्या आसपास असतो.  कललेल्या पातळीत झोका घेतला की वरून पाहताना हेडची वाट कमानीसारखी दिसते: मागे जाताना आत, चेंडूपाशी रेषेवर, पुढे जाताना पुन्हा आत. काहींची कमान ठळक, काहींची इतकी पसरट की सरळ रेघच वाटावी. मोबाइल पडवीच्या वाशाला बांधून वरून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं की आपली कमान किती ते स्वच्छ दिसतं.

दुकानदार पटर बोटावर आडवा तोलून दाखवतात तो यासाठी. शाफ्ट बोटावर आडवा ठेवला की हेड लोंबकळतं. फेस आकाशाकडे बघत स्थिर राहिला तर तो फेस-बॅलन्स्ड पटर. हेडचं टोक, म्हणजे टो, जमिनीकडे झुकलं तर टो-हँग. कारण सरळ आहे: पहिल्या प्रकारात शाफ्टची रेषा पुढे वाढवली तर ती हेडच्या गुरुत्वमध्याच्या वरूनच जाते, दुसऱ्यात गुरुत्वमध्य टोच्या बाजूला राहतो. रूढ सल्ला असा की ठळक कमान असलेल्याने टो-हँग घ्यावा आणि सरळ स्ट्रोकवाल्याने फेस-बॅलन्स्ड. सल्ला वाईट नाही, पण तो अर्धाच आहे. पुढे येताना आपण शाफ्टमधून हेडला ढकलतो तेव्हा बाजूला असलेला गुरुत्वमध्य मागे रेंगाळतो, आणि टो-हँग पटरचा फेस थोडा उघडा राहायला बघतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या ज्याचे हात फेस लवकर बंद करतात (डावीकडे वळवतात) आणि ज्याचे पट डावीकडे जातात, त्याला ही ओढ उपयोगी पडते. ज्याचे पट उजवीकडे निसटतात, त्याला तीच नडते. म्हणून नुसती कमान बघून थांबू नये, चुकणारे चेंडू कुठल्या बाजूला जातात तेही बघावं. हल्ली शून्य टॉर्कचे पटर बरेच दिसतात. त्यांत शाफ्टची रेषा आणि गुरुत्वमध्य अशा जुळवलेल्या असतात की स्ट्रोकमध्ये हेड आपणहून वळायला बघत नाही. सरळ स्ट्रोकवाल्यांनी एकदा हातात घेऊन पाहावेत असे ते आहेत.

आता हेडचा आकार: ब्लेड (अरुंद, पातळ हेड) की मॅलेट (मागे पसरलेलं मोठं हेड)? इथे पदार्थविज्ञान फार सुंदर आहे. खांद्यावर भरलेली कावड असताना पटकन वळून बघा. दोन्ही टोकांचं वजन वळायला विरोध करतं. तेच वजन मध्यावर गोळा केलं तर विरोध बराच कमी होतो. वळण्याला होणाऱ्या या विरोधाला जडत्व आघूर्ण म्हणतात, आणि त्यात अंतराचा वर्ग येतो. वजन मध्यापासून दुप्पट दूर नेलं तर विरोध चौपट. जनरल इलेक्ट्रिकमध्ये अभियंता असलेल्या कार्स्टन सॉल्हाइमने 1959 मध्ये हे तत्त्व पटरात आणलं. त्याने वजन हील (हेडचं खेळाडूकडचं टोक) आणि टो या दोन टोकांना नेलं. चेंडूला लागताना त्या पटरचा जो आवाज यायचा, त्यावरून त्याला पिंग हे नाव मिळालं. 1966 चा त्याचा अँसर हा पटर आजच्या असंख्य पटरांचा मूळ साचा आहे. मोठ्या मॅलेटमध्ये तीच कल्पना मागच्या दिशेलाही नेलेली असते.

याचा फायदा किती, ते कागदावर काढता येतं. हेड 350 ग्रॅम, चेंडू 46 ग्रॅम, आणि दोन पटर घेऊ: एकाचं जडत्व आघूर्ण 2000 ग्रॅम-वर्ग-सेंटिमीटर, दुसऱ्याचं 4000. चेंडू फेसच्या मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूला लागला तर पहिल्या पटरने चेंडू सुमारे 4 टक्के कमी अंतर जातो, दुसऱ्याने 2 टक्के. तीन मीटरवर हा फरक सहा सेंटिमीटरचा. त्याने काही बिघडत नाही. पण दोन सेंटिमीटर चुकलं आणि पट दहा मीटरचा असला, तर पहिला पटर जवळजवळ दीड मीटर कमी पडतो आणि दुसरा पाऊण मीटर. म्हणजे जड आघूर्णाच्या मॅलेटचा खरा उपयोग लांबच्या पटला आणि ज्याचा चेंडू फेसवर इकडेतिकडे लागतो त्याला. कॅरमची पावडर चेंडूला लावून दहा-वीस पट मारले की फेसवर ठिपके उमटतात. ते एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जात असतील तर ब्लेड खुशाल वापरावा. फेसभर पसरले असतील तर मॅलेटकडे वळावं, त्यात कमीपणा नाही.

लांबीबद्दल बाजारात फार हलगर्जी दिसते. 34-35 इंचांचे पटर सर्रास ठेवलेले असतात आणि उंची कितीही असो, तेच गळ्यात मारले जातात. पटर लांब झाला की माणूस ताठ उभा राहतो, डोळे रेषेच्या बरेच आत येतात आणि रेषा वेगळीच दिसते. आपल्या नेहमीच्या वाकण्यात हात खांद्यांखाली सैल लोंबले पाहिजेत आणि डोळे चेंडूच्या वर किंवा किंचित आत. चेंडूऐवजी जमिनीवर छोटा आरसा ठेवला की आपले डोळे कुठे आहेत ते दिसतं. लांबी दुकानात कमी करून घेता येते, मात्र शाफ्ट कापला की हेड हाताला हलकं वाटू लागतं, हे ध्यानात ठेवावं.

लायची, म्हणजे हेड जमिनीवर किती टेकतं याची, काळजी लोक गरजेपेक्षा जास्त करतात. टो चार अंशांनी वर उचललेला असला तरी तीन अंश लॉफ्टच्या पटरचा फेस त्यामुळे जेमतेम 0.2 अंशांनी फिरतो. तीन मीटरवर तो एक सेंटिमीटर. फार मोठा फरक असला तर हील जमिनीला घासते, तेव्हा मात्र दुरुस्त करून घ्यावं.

लॉफ्टचा संबंध गवताशी आहे. चेंडू स्वतःच्या वजनाने गवतात थोडा रुतलेला असतो आणि त्याला त्या खळगीतून बाहेर काढायला तो तीन-चार अंशांचा चढ लागतो. निघाल्यावर तो आधी घसरतो, मग घर्षणाने गडगडू लागतो. फिरकी न घेता निघालेल्या भरीव गोळ्याचा वेग सुरुवातीच्या पाच सप्तमांशावर आला की घसरणं संपतं. उष्ण हवेतल्या ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, अनेकदा हरळीच्या कुळातलं गवत असतं, ज्याच्या आपण गणपतीला दूर्वा वाहतो तेच. ते आडवं पसरतं, आणि ओल्या दिवसांत जरा वाढू दिलं की ग्रीन संथ होते. अशा ग्रीनवर अगदी कमी लॉफ्टचा पटर घेऊ नये. चेंडू खळगीच्या काठाला अडखळून उडतो.

शेवटी धातू. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा प्रश्न पुण्याच्या खेळाडूपेक्षा जास्त छळतो. मऊ कार्बन स्टीलच्या पटरचा स्पर्श अनेकांना आवडतो, पण खाऱ्या दमट हवेत त्यावर गंज लवकर चढतो आणि फेसवर खड्डे पडतात. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धातूला झाकतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा तयार होतो. मिठातला क्लोराइड मात्र या थरालाही जागोजागी भोक पाडू शकतो. म्हणून मालवण-वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत कुठेही राहत असाल तर स्टेनलेस घ्या, खेळून आल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा, कोरडा करा आणि मगच कव्हरमध्ये घाला. ओलं कव्हर चढवून ठेवलेल्या पटरवर डाग पडायला कोकणात एक पावसाळा पुरतो. कार्बन स्टीलवरच मन बसलं असेल तर प्रत्येक वेळी तेलाचा पातळ हात फिरवायची तयारी ठेवा, आणि ग्रिपला ते तेल लागू देऊ नका.